उपग्रहाच्या आकड्यांची जमिनीवरून पडताळणी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पृथ्वीचे निरीक्षण करणारा उपग्रह तापमान मोजत नाही, मातीतली ओल मोजत नाही, पिकाची हिरवाईही मोजत नाही. त्याच्या डिटेक्टरवर जे प्रारण (प्रकाश, उष्णता किंवा सूक्ष्मलहरी) येऊन पडते तेवढेच तो मोजतो. त्या प्रारणाचा विद्युत संकेत होतो, संकेताचे पुन्हा प्रारणाच्या एककांत रूपांतर होते, वाटेतली हवा, धूळ आणि बाष्प यांचा वाटा वजा होतो, मग एखादे गणिती प्रारूप चालते आणि तेव्हा कुठे नकाशावर आकडा उमटतो. या साखळीतल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी गृहीत धरलेले असते. ती गृहीतके टिकतात का, हे पाहण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे तीच गोष्ट जमिनीवर जाऊन मोजणे.

नवखा माणूस अडखळतो तो नेमका इथे. उपग्रह म्हणतो परावर्तन (पडलेल्या प्रकाशातला परत फिरणारा भाग) 0.265, आपले उपकरण म्हणते 0.25, म्हणजे उपग्रह सहा टक्क्यांनी चुकला, असा निष्कर्ष तो लगेच काढतो. पण त्या फरकात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: उपग्रहाची चूक, आपल्या मोजणीची चूक, आणि दोघांनी मुळात वेगवेगळी गोष्ट मोजली हा भाग. जमिनीवरची मोजणी म्हणजे सत्य नव्हे. ती दुसरी, स्वतंत्र मोजणी आहे आणि तिलाही स्वतःची अनिश्चितता आहे. हे तीन भाग एकमेकांपासून सोडवणे हेच पडताळणीचे खरे काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

कॅलिब्रेशन आणि पडताळणी या दोन कामांची सुरुवातीला गल्लत होते. डिटेक्टरच्या संकेतापासून प्रारणाचे मूल्य किती हे ठरवणे म्हणजे कॅलिब्रेशन. तयार झालेला आकडा किती विश्वासार्ह आहे हे स्वतंत्र मार्गाने तपासणे म्हणजे पडताळणी. एकाच वाळवंटात केलेली मोजणी दोन्हीसाठी वापरता येते. मात्र ज्या मोजणीने कॅलिब्रेशन सुधारले तिच्याच आधारे पडताळणीही केली, तर आपण स्वतःलाच साक्षीदार करतो.

पहिली पायरी: काय तपासायचे ते एका वाक्यात लिहा

“सेंटिनेल-2 उपग्रहाची अचूकता तपासायची आहे” हे वाक्य चालणार नाही. “सेंटिनेल-2 च्या लेव्हल-2ए मधील लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांचे भूपृष्ठ परावर्तन, निरभ्र दिवशी, कोरड्या उघड्या जमिनीवर, पाच टक्क्यांच्या आत आहे का?” हे चालेल. उत्पादनाचे (उपग्रहाच्या मोजणीतून तयार केलेल्या माहिती-संचाचे) नाव, लेव्हल (प्रक्रियेची पातळी), आवृत्ती, पट्टा (तरंगलांबीचा ठरावीक भाग), एकक, परिस्थिती आणि अपेक्षित अचूकता हे सगळे त्यात यायला हवे. शक्यतो अपेक्षित अचूकतेचा आकडा मोहिमेच्या कागदपत्रांतूनच घ्या. उदाहरणार्थ, 31 जानेवारी 2015 रोजी सोडलेल्या स्मॅप उपग्रहासाठी मातीतल्या ओलीचे उद्दिष्ट 0.04 घनमीटर प्रति घनमीटर असे ठरले होते, तेही सरासरी फरक वजा केल्यानंतरचे. कशाशी तुलना करायची हे आधी ठरलेले नसेल, तर निकाल आल्यावर प्रत्येक आकडा “बरा आहे” असाच वाटतो.

लेव्हलकडे विशेष लक्ष द्या. लेव्हल-1 चे परावर्तन वातावरणाच्या वरच्या टोकाशी असते, लेव्हल-2 चे भूपृष्ठावर. जमिनीवर मोजलेले परावर्तन थेट ताडायचे ते लेव्हल-2 शी. लेव्हल-1 शी तुलना करायची तर त्या वेळची हवा, एरोसोल (हवेतले सूक्ष्म कण) आणि बाष्प मोजून प्रारण-वहनाच्या (हवेतून प्रकाश कसा जातो हे सांगणाऱ्या) प्रारूपातून आपला आकडा वर चढवावा लागतो.

आकडे फाइलमध्ये कसे साठवले आहेत हेही आत्ताच वाचून घ्या. सेंटिनेल-2 च्या उत्पादनांत 25 जानेवारी 2022 पासून, म्हणजे प्रोसेसिंग बेसलाइन 04.00 पासून, मूल्यांत 1000 ची भर घातलेली असते. परावर्तन काढताना आधी 1000 वजा करायचे आणि मग 10000 ने भागायचे. लँडसॅटच्या कलेक्शन-2 मधील भूपृष्ठ परावर्तनासाठी 0.0000275 ने गुणून 0.2 वजा करायचे. हे विसरलात तर उपग्रहात मोठा दोष सापडल्यासारखे वाटेल आणि दोष असेल तुमच्या एका ओळीत.

दुसरी पायरी: दोघे एकच गोष्ट मोजत आहेत ना?

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग हाच. नाव सारखे असले म्हणून राशी सारखी असत नाही.

तापमान घ्या. औष्णिक अवरक्त सेन्सर भूपृष्ठाच्या त्वचेचे, म्हणजे अगदी वरच्या थराचे, तापमान देतो. हवामान केंद्रावरचा तापमापक साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचे तापमान देतो. उन्हाळ्यात भर दुपारी कोरडी उघडी जमीन त्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी तापलेली असू शकते. हा फरक म्हणजे उपग्रहाची चूक नव्हे, त्या तुलनेलाच अर्थ नाही. समुद्रावर हाच प्रश्न लहान प्रमाणात येतो. अवरक्त सेन्सरला दिसणारा पाण्याचा थर मिलिमीटरच्याही छोट्या अंशाइतका पातळ असतो, तर बॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारे मोजणीचे साधन, काही सेंटिमीटर ते मीटरभर खोलीवर मोजतो. वाहत्या वाऱ्याच्या रात्रीही वरची त्वचा खालच्या पाण्यापेक्षा साधारण 0.1 ते 0.2 अंशांनी थंड असते. दिवसा, वारा पडलेला असताना, वरचा थर उलट चांगलाच तापतो. म्हणून समुद्रपृष्ठ तापमानाची बॉयशी तुलना बहुधा रात्रीच्या नोंदींवर करतात, किंवा जहाजावर अवरक्त रेडिओमीटर (प्रारणमापक) बसवून थेट त्वचेचेच तापमान घेतात.

मातीतली ओल घ्या. 1.4 गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकणारे स्मॅप आणि स्मॉससारखे उपग्रह साधारण वरच्या पाच सेंटिमीटर थराबद्दल बोलतात. शेतीसाठी बसवलेला ओल मोजणारा प्रोब वीस सेंटिमीटरवर असेल, तर पाऊस पडल्यावर उपग्रह आधी उडी घेईल आणि प्रोब मागाहून. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील.

परावर्तनात दिशेचा प्रश्न असतो. तीच जमीन सूर्य पाठीशी ठेवून पाहिली तर उजळ दिसते, कारण सावल्या झाकल्या जातात; सूर्याकडे तोंड करून पाहिली तर गडद दिसते. तुम्ही सरळ खाली बघून मोजत असाल आणि उपग्रह वीस-पंचवीस अंश कलून पाहत असेल, तर फरक निघणारच. फक्त जवळजवळ उभ्या कोनातून टिपलेली दृश्ये निवडा, किंवा दिशेनुसार बदल सांगणारे प्रारूप वापरून दुरुस्ती करा. दोन्ही शक्य नसेल तर तो फरक अनिश्चिततेत मांडा. गप्प बसणे हा पर्याय नाही.

तिसरी पायरी: आधी इतरांच्या मोजण्या वापरा

एकही उपकरण विकत न घेता पहिली पडताळणी करता येते, आणि तशीच करावी. जगभर अनेक जाळी वर्षानुवर्षे मोजण्या करून त्या खुल्या ठेवत आहेत. हवेतल्या एरोसोलसाठी एरोनेटचे सन फोटोमीटर आहेत, वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडच्या स्तंभासाठी टीकॉनची वर्णपटमापके आहेत, सौर प्रारणासाठी बीएसआरएन, मातीतल्या ओलीसाठी आंतरराष्ट्रीय मृदा-आर्द्रता जाळे आणि समुद्राच्या अंतर्भागासाठी आर्गोचे फ्लोट आहेत. परावर्तनासाठी रॅडकॅलनेट नावाची व्यवस्था आहे. अमेरिकेतले रेलरोड व्हॅली, फ्रान्समधले ला क्रो, नामिबियातले गोबाबेब आणि चीनमधले बाओटू ही तिची ठिकाणे. तिथली स्वयंचलित उपकरणे दिवसाच्या ठरावीक तासांत दर अर्ध्या तासाला परावर्तनाची मूल्ये देतात, सोबत त्यांची अनिश्चितताही.

सुरुवातीच्या सरावासाठी मी एरोसोल सुचवेन. मोडिस या उपग्रहावरच्या सेन्सरचे एरोसोल उत्पादन घ्या. एरोनेटच्या एका केंद्राभोवतीच्या साधारण पन्नास किलोमीटरच्या चौकोनातली मूल्ये सरासरी करा आणि उपग्रह वरून जाण्याच्या आधीच्या व नंतरच्या अर्ध्या तासातल्या एरोनेट नोंदींच्या सरासरीशी ताडा. एरोनेटची लेव्हल-2.0 माहितीच वापरा. ढगांची चाळणी 1.5 मध्येही झालेली असते, पण अंतिम कॅलिब्रेशन आणि गुणवत्ता तपासणी 2.0 मध्ये होते. दृश्य पट्ट्यांत एरोनेटच्या प्रकाशीय जाडीची (एरोसोलमुळे प्रकाश किती अडतो या मापाची) अनिश्चितता सुमारे 0.01 असते. मोडिसच्या जमिनीवरच्या ‘डार्क टार्गेट’ पद्धतीची अपेक्षित चूक अशी सांगतात: 0.05 अधिक प्रकाशीय जाडीच्या 15 टक्के, दोन्ही बाजूंना. म्हणजे जाडी 0.4 असताना 0.11. साधारण दोन तृतीयांश जोड्या या पट्ट्यात बसल्या तर उत्पादन आपल्या शब्दाला जागते आहे. या एका सरावात जुळणी, चाळणी, आलेख आणि निष्कर्ष हे सगळे हाताखालून जाते.

एक सावधगिरी. तुम्ही वापरत असलेली जमिनीवरची माहिती त्या उत्पादनातच मिसळलेली नाही ना, हे पाहा. आयमर्ग या पर्जन्य-उत्पादनाच्या अंतिम आवृत्तीत पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदी वापरून दुरुस्ती केलेली असते. त्याच पर्जन्यमापकांशी तिची तुलना केली तर निकाल छान येईल आणि त्याला काडीची किंमत नसेल.

चौथी पायरी: जागा

स्वतः मैदानात उतरायचे ठरले की पहिला प्रश्न जागेचा, आणि तो घरी बसूनच सोडवायचा. तुमचे उपकरण बोटभर किंवा हातभर जागा पाहते, उपग्रहाचा पिक्सेल दहा मीटरचा किंवा चाळीस किलोमीटरचा असतो. या दरीची कल्पना येण्यासाठी हिशोब करून बघा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पर्जन्यमापकाचे तोंड 0.03 चौरस मीटरचे असते. विषुववृत्ताजवळ 0.1 अंशाचा पिक्सेल सुमारे 120 चौरस किलोमीटरचा असतो. म्हणजे पिक्सेल त्या तोंडाच्या जवळपास 400 कोटी पट मोठा. एका कोपऱ्यात सर कोसळली आणि पर्जन्यमापक कोरडा राहिला, तर खोटे कोणीच बोललेले नसते.

म्हणून अशी जागा शोधायची, जिथे एका बिंदूवरचे मूल्य आजूबाजूच्या मोठ्या परिसराचे प्रतिनिधित्व करते. मागच्या वर्षभरातली निरभ्र दृश्ये घ्या. उमेदवार जागेभोवती 3×3, 5×5, 9×9 पिक्सेलच्या चौकटी टाका आणि प्रत्येकीत प्रमाण विचलन भागिले सरासरी काढा. चौकट वाढवली तरी हे गुणोत्तर लहानच राहिले आणि सर्व ऋतूंत लहान राहिले, तर जागा उत्तम. एकाच महिन्यातले दृश्य पाहून जागा निवडू नका. उन्हाळ्यात एकसारखे दिसणारे माळरान पावसानंतर ठिपक्याठिपक्यांचे होते.

दहा मीटरच्या पिक्सेलसाठी दहा मीटरची जागा पुरत नाही. उपग्रहाची स्थाननिश्चिती पिक्सेलच्या काही अंशाने सरकलेली असू शकते, शिवाय शेजारच्या उजळ किंवा गडद जमिनीवरून विखुरलेला प्रकाशही त्या पिक्सेलमध्ये शिरतो. मोजण्याचा भाग किमान तीन बाय तीन पिक्सेलचा आणि त्याभोवती तशाच जमिनीचा रुंद पट्टा, एवढे तरी पाहा. लँडसॅट-8 चे औष्णिक पट्टे वितरणात 30 मीटरचे दिसतात, पण सेन्सर मुळात 100 मीटरनेच पाहतो. तिथे जागा मूळ आकाराच्या हिशोबाने मोठी लागते.

कॅलिब्रेशनसाठी कोरडी, उजळ, सपाट वाळवंटे आणि आटलेल्या तलावांचे तळ निवडतात. तिथे संकेत जोरकस असतो, बदल सावकाश होतो आणि हवा बहुधा स्वच्छ असते. लिबियातली ‘लिबिया-4’ ही जागा तर कुणीही तिथे उभे न राहता, केवळ तिच्या स्थिरपणाच्या भरवशावर अनेक उपग्रहांचा काळानुसार सरकण्याचा कल तपासायला वापरतात. पण वाळवंटात उपग्रह बरोबर ठरला म्हणजे दाट जंगलावर किंवा गडद पाण्यावरही तो बरोबर ठरेल असे नाही. पाण्यावर वरपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातला बहुतेक भाग हवेचाच असतो. तिथे वातावरणाच्या दुरुस्तीतली छोटी चूक सगळा निकाल गिळते. म्हणूनच समुद्राच्या रंगासाठी हवाईतल्या लानाई बेटाजवळ मोबी नावाचा खास बॉय 1997 पासून ठेवलेला आहे.

पिक्सेल फारच मोठा असेल तर मधली शिडी वापरा: जमिनीवरच्या मोजण्यांनी आधी ड्रोनचे किंवा जास्त बारकाईचे दृश्य तपासा, आणि मग त्या दृश्याची सरासरी काढून मोठा पिक्सेल तपासा.

पाचवी पायरी: वेळ

उपग्रह कधी वरून जाणार हे आधीच कळते. सेंटिनेल-2 आणि लँडसॅट स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा ते साडेदहाच्या सुमारास जातात, स्मॅप सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. नोंदी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) की स्थानिक वेळेत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. काही तासांनी सरकलेल्या जुळणीतूनही कधीकधी “बरा” आलेख निघतो आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

किती मिनिटांचा फरक चालेल हे राशीवर अवलंबून आहे. निरभ्र आकाशाखाली परावर्तनासाठी अर्धा तास अलीकडे-पलीकडे चालतो. भूपृष्ठाच्या तापमानाला काही मिनिटेच मिळतात, कारण एक ढग सरकला तरी उघडी जमीन काही अंशांनी थंड होते. मातीची ओल तासाभरात फारशी बदलत नाही, पाऊस नसला तर.

पातळ सिरस ढग डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. नंतर होणारी निराशा टाळायची तर आकाशाचे फोटो दर दहा मिनिटांनी काढून ठेवा.

सहावी पायरी: उपकरण आणि मैदानातला दिवस

उपकरणाचे कॅलिब्रेशन कुठल्या तरी राष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचते का, आणि ते शेवटचे कधी झाले, हे दोन प्रश्न आधी. मोहिमेच्या आधी आणि नंतरही तपासणी केली तरच मधल्या काळात उपकरण सरकले का ते कळते.

हातातल्या वर्णपटमापकाने परावर्तन मोजण्याची रीत अशी. उपकरण सुरू करून तापू द्या. उत्पादकाने सांगितलेला वेळ पाळा. पांढऱ्या संदर्भ फलकावरून येणारा प्रकाश मोजा, लगेच जमिनीवरचा मोजा, पहिल्याने दुसऱ्याला भागा आणि फलकाच्या प्रमाणित परावर्तनाने गुणा. फलक शंभर टक्के परावर्तन करतो असे धरू नका. मळलेला, पिवळट पडलेला फलक तुमचे सगळे आकडे एकाच दिशेला ढकलतो आणि पुढे कितीही सरासऱ्या काढल्या तरी ती चूक जात नाही. फलक समतल ठेवा आणि दर काही मिनिटांनी पुन्हा मोजा. सूर्य चढत असतो, आकाशही बदलते.

उपकरणाला किती जागा दिसते याचा हिशोब करा. 25 अंशांच्या दृष्टिक्षेत्राने एक मीटर उंचीवरून सुमारे 44 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते, म्हणजे 0.15 चौरस मीटर. दहा मीटरचा एक पिक्सेल झाकायला अशी साडेसहाशेच्या वर वर्तुळे लागतील. तेवढी कुणी मोजत नाही. समांतर रेषांवरून चालत, ठरावीक अंतरावर मोजत जायचे आणि सरासरीची अनिश्चितता विचरणावरून, म्हणजे मोजण्या किती विखुरल्या आहेत त्यावरून, काढायची. पंचवीस मोजण्या आणि 0.02 चे प्रमाण विचलन असेल तर सरासरीची अनिश्चितता 0.02 भागिले 5, म्हणजे 0.004. ही आकडेमोड मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरी. एकाच ठिगळावर पंचवीसदा बटण दाबले तर ती पंचवीस मोजणी होत नाही. छान दिसणाऱ्या जागांवर थांबणेही टाळा. ठरलेल्या अंतरावर काटेरी झुडूप आले तर झुडूप मोजा, उपग्रहाने ते वगळलेले नाही.

गडद, चमक नसलेले कपडे घाला. तुमची सावली आणि सहकाऱ्याची सावली, दोन्ही दृष्टिक्षेत्राबाहेर ठेवा. जिथे मोजायचे आहे तिथून आधी चालत जाऊ नका, पायाखाली दबलेली माती आणि गवत वेगळे दिसते. उपग्रह जाण्याची वेळ तुमच्या मोजणीच्या मध्यावर यावी अशी आखणी करा. आणि वही ठेवा, कागदाची. फाइलचा क्रमांक, वेळ, जागा, आकाश, वारा, काय बिनसले. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीला नोंद म्हणू नये.

भूपृष्ठाचे तापमान रेडिओमीटरने घेत असाल तर जमिनीची उत्सर्जकता (ती किती परिणामकारकपणे उष्णतेचे प्रारण सोडते) लागतेच, शिवाय आकाशाकडून येऊन जमिनीवरून परावर्तित झालेले प्रारण वजा करावे लागते. त्यासाठी एक मोजणी आकाशाकडे तोंड करून घ्या. मातीच्या ओलीचा प्रोब त्या मातीसाठी तपासून घ्या: ठरलेल्या आकारमानाचा नमुना काढा, ओला असताना वजन करा, 105 अंश सेल्सिअसला साधारण चोवीस तास भट्टीत वाळवा, पुन्हा वजन करा. घटलेल्या वजनावरून पाण्याचे आकारमान कळते आणि त्याला नमुन्याच्या आकारमानाने भागले की प्रोबचा आकडा किती खरा ते दिसते. काम कंटाळवाणे आहे, पण चिकणमातीत प्रोबच्या कारखान्यातल्या सूत्रावर विसंबण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

सातवी पायरी: जुळणी

उपग्रहाचा पट्टा म्हणजे एक तरंगलांबी नव्हे. तुमच्या वर्णपटातली मूल्ये त्या पट्ट्याच्या प्रतिसाद-फलनाने (सेन्सर कुठल्या तरंगलांबीला किती प्रतिसाद देतो त्यानुसार) भारित करून सरासरी काढा. सेंटिनेल-2ए आणि 2बी यांची फलने किंचित वेगळी आहेत, तेव्हा योग्य उपग्रहाचे घ्या. मग गुणवत्तेच्या खुणा तपासा: ढग, ढगाची सावली, सिरस, संपृक्त (कमाल मर्यादेला टेकलेले) पिक्सेल.

कुठल्या जोड्या ठेवायच्या आणि कुठल्या गाळायच्या याचे नियम आकडे पाहण्याआधी लिहून ठेवा. आलेखावर एखादा बिंदू दूर पडला म्हणून “त्या दिवशी बहुधा ढग असावा” असे म्हणत तो काढून टाकणे फार सोपे असते. फोटो आणि वही ढग दाखवत असतील तर काढा, नसतील तर तो बिंदू राहतो. अनेकदा शिकण्यासारखे सगळे त्याच बिंदूत असते.

आठवी पायरी: फरकाचा अर्थ लावणे

आलेख काढला की सगळे आधी सहसंबंध गुणांक पाहतात. मी तो शेवटी पाहायला सांगेन. उपग्रह प्रत्येक वेळी दुप्पट मूल्य देत असेल तरीही सहसंबंध एक येतो. आधी सरासरी फरक पाहा, मग वर्गमध्यमूळ चूक (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ), मग सरासरी फरक वजा केल्यावर उरणारी चूक. या तिघांचे नाते साधे आहे: वर्गमध्यमूळ चुकीचा वर्ग म्हणजे सरासरी फरकाचा वर्ग अधिक उरलेल्या चुकीचा वर्ग. सरासरी फरक 0.03 आणि उरलेली चूक 0.04 असेल तर एकूण 0.05. हे दोन भाग वेगळे का करायचे, तर त्यांची कारणे वेगळी असतात. पहिला भाग कॅलिब्रेशनमधल्या किंवा फलकातल्या कायमच्या ढकलण्यातून येतो, दुसरा विखुरण्यातून.

रेषा बसवतानाही तेच भान ठेवा. नेहमीची लघुत्तम-वर्ग पद्धत आडव्या अक्षावरचे आकडे चूकरहित आहेत असे धरते. तुमची जमिनीवरची मोजणी तशी नाही. दोन्ही बाजूंच्या चुका धरणारी डेमिंगसारखी पद्धत वापरा.

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे. जमीन 0.25, उपग्रह 0.265, फरक 0.015. समजा आपल्या मोजणीची अनिश्चितता 0.008 आहे, त्यात फलक, उपकरण आणि नमुन्यांची संख्या आली. उपग्रहाची पाच टक्के धरली तर 0.0125. जागा आणि वेळ तंतोतंत न जुळल्याने येणारी 0.006. तिघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की 0.016 मिळते. फरक याहूनही लहान आहे. म्हणजे या एका जोडीवरून उपग्रह चुकला असे म्हणायला काहीही आधार नाही. फरक या एकत्रित अनिश्चिततेच्या दुपटीपेक्षा, म्हणजे 0.032 पेक्षा, जास्त असता तर काहीतरी बिनसले असा संशय रास्त ठरला असता, आणि तो संशयही तिन्ही घटकांवर घ्यावा लागला असता. मात्र असा 0.015 चा फरक पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी, एकाच दिशेने येत राहिला तर तो योगायोग नव्हे. तिथे सरासरी फरक बोलू लागतो.

अनिश्चिततेचा हा ताळेबंद मांडल्याशिवाय छापलेली तुलना मला अपुरी वाटते. त्यातला सर्वांत मोठा घटक कोणता हे दिसले की पुढच्या खेपेला पैसा आणि वेळ कुठे घालायचा तेही कळते. नमुन्यांची अनिश्चितता मोठी असेल तर महागडे उपकरण घेऊन काही साधत नाही, जास्त चालावे लागते.

तीन स्वतंत्र स्रोत हाताशी असतील, जसे उपग्रह, जमिनीवरचे जाळे आणि हवामान प्रारूप, तर ‘ट्रिपल कोलोकेशन’ ही पद्धत शिका. कुणालाही सत्य न मानता तिघांच्याही यादृच्छिक चुकांचा अंदाज ती देते. अट एकच, पण कडक: तिघांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या नसाव्यात.

नववी पायरी: पुन्हा मोजा, वर्षानुवर्षे

कक्षेतले सेन्सर जुने होतात, सरकतात. एकदा उत्तीर्ण झालेला उपग्रह कायमचा उत्तीर्ण नसतो. ऑगस्ट 1992 मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाच्या समुद्रपातळीच्या नोंदी भरतीमापकांशी ताडल्या गेल्या तेव्हा दोघांतला फरक काळानुसार सरकत असल्याचे दिसले. 1996 मध्ये कारण सापडले: उंचीमापकातल्या ऑसिलेटरच्या दुरुस्तीचे गणित करणाऱ्या संगणक-आज्ञावलीत चूक होती आणि तिच्यामुळे समुद्र खऱ्यापेक्षा जास्त वेगाने चढताना दिसत होता. शोधायची गोष्ट वर्षाला काही मिलिमीटरची होती. साधे भरतीमापक सातत्याने चालू नसते तर ती सुटली असती.

लँडसॅट-8 चे उदाहरणही असेच. फेब्रुवारी 2013 मध्ये तो गेल्यानंतर टाहो सरोवर आणि सॉल्टन सी इथल्या बॉयवरच्या पाण्याच्या तापमानांशी तुलना केल्यावर औष्णिक पट्टे जास्त तापमान दाखवत असल्याचे उघड झाले. दृष्टिक्षेत्राबाहेरचा प्रकाश भरकटून डिटेक्टरवर पडत होता. त्यासाठी आकडेमोडीत दुरुस्ती झाली आणि 2021 मध्ये गेलेल्या लँडसॅट-9 च्या सेन्सरची रचनाच बदलली.

उपग्रहांशी संबंधित संस्थांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, सीईओएस, तिने जमिनीवरच्या उत्पादनांच्या पडताळणीचे चार टप्पे ठरवले आहेत. पहिल्या टप्प्यात मोजकी ठिकाणे आणि मोजके कालखंड असतात; चौथ्यात जगभरच्या प्रातिनिधिक ठिकाणांवर केलेली पडताळणी उत्पादनाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नव्याने होते. तुमचे एका माळरानावरचे काम पहिल्या टप्प्यात मोडते. तसेच सांगा. “कोरड्या उजळ जमिनीवर, या कोनांत, या महिन्यांत” एवढ्यापुरता निष्कर्ष मांडला तर तो दुसऱ्याच्या कामाला जोडता येतो.

दहावी पायरी: जे मोजले ते उघडे ठेवा

अहवालासोबत कच्च्या नोंदी द्या, फक्त सरासऱ्या नकोत. उपकरणाचा प्रकार व कॅलिब्रेशनची तारीख, फलकाचे प्रमाणपत्र, प्रत्येक मोजणीचे अक्षांश-रेखांश आणि यूटीसी वेळ, सूर्याचा व पाहण्याचा कोन, आकाशाचे फोटो, उपग्रह-दृश्याचे पूर्ण नाव आणि प्रोसेसिंग आवृत्ती, गाळलेल्या जोड्या व गाळण्याचे कारण, आणि अनिश्चिततेचा प्रत्येक घटक वेगवेगळा, हे सगळे जोडा. उपग्रहाचे उत्पादन दोन-चार वर्षांनी नव्या पद्धतीने पुन्हा तयार केले जाते. तेव्हा तुमच्या मोजण्या पूर्ण नोंदींसह उपलब्ध असतील, तर कुणीही मैदानात न जाता त्याच दिवसाची तुलना नव्या आवृत्तीशी करू शकेल.